मिरगात कापा-चिकटवा, स्वातीनंतर स्प्रे मारा: बेळगाव भागात वर्षभर स्केल मॉडेल कसं बांधायचं

जुलैचा शेवटचा आठवडा होता, म्हाताऱ्या पावसाचे दिवस, आणि मी १:७२ च्या (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मिग-२१ लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलवर ग्लॉस क्लिअर कोट, म्हणजे चकाकणारा पारदर्शक थर मारला. रात्री साडेनऊला मारला आणि दहा वाजता बघतोय तर अख्खं विमान दुधाळ, खालचा चांदीचा रंग गायब, आरशावर वाफ धरते ना तसं. तीन आठवड्यांचं काम होतं ते. बाहेर चार दिवस भुरभुर सुरू, दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, आणि मी मात्र विमान वाळेल म्हणून धरून बसलो होतो. तेव्हापासून एक ठरवलं की आपल्या भागात मॉडेल बांधायचं ते नक्षत्र बघून.

आमची थोडी शेती खानापूर तालुक्यात आहे, तिथं मिरगाला काय करायचं, नट्टी (भाताची रोप लावणी) कधी लावायची, सुगी कधी, हे सगळं ठरलेलं असतं, कोण वाद घालत नाही. मॉडेलच्या किटचं (सुट्या भागांच्या डब्याचं) पण तसंच लावून घ्यायचं. एकच किट हातात घेऊन डबा उघडल्यापासून डिकल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हं-आकडे) लावेपर्यंत एका दमात संपवायचा हट्ट सोडा. तीन-चार किट वेगवेगळ्या टप्प्यावर ठेवा आणि हवा जे काम करू देते ते काम करा. माझं असं केल्यापासून वर्षाला एकाच्या जागी तीन मॉडेल पुरी होतात, आणि खराब होणं जवळजवळ थांबलंच.

आता हे पण बघा की तुम्ही राहता कुठं. बेळगाव शहर साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, घाट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पावसाळ्यात हवा ओली आणि गार दोन्ही असते. जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका, तिथं भिंतीसुद्धा घाम सोडतात. तेच गोकाक, अथणीकडं गेलं की पाऊस निम्म्याहून कमी आणि ऊन करकरीत. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या व्हिडिओत सांगितलेला थिनरचा हिशोब सोडाच, खानापूरवाल्याचा हिशोब अथणीवाल्याला पण चालणार नाही. त्यासाठी पहिली खरेदी म्हणजे डिजिटल हायग्रोमीटर, काही शंभर रुपयांत येतो, टेबलावर ठेवायचा. माझा स्वतःचा नियम असा आहे: आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असली तर काहीही मारा, ६० ते ७५ मध्ये हळू वाळणारं थिनर वापरून पातळ-पातळ कोट, आणि ७५ च्या वर लॅकर (जलद उडणाऱ्या थिनरचा रंग) आणि मॅट वार्निश (चकाकी घालवणारा शेवटचा थर) यांना हात लावायचा नाही, कितीही मन झालं तरी.

ते पांढरं का होतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. हातावर थिनर सांडलं की गार लागतं ना, कारण ते उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. मॉडेलवर लॅकर मारला की तेच होतं, पृष्ठभाग एकदम गार पडतो आणि ओल्या हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं, माठाच्या पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. ते पाणी रंगाच्या थरात अडकलं की पांढरट. थिनर जितकं जलद उडणारं तितका धोका जास्त, म्हणून स्वस्तातलं हार्डवेअरच्या दुकानातलं लॅकर थिनर पावसात सगळ्यात दगा देतं. मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर मिळालं तर घ्या, त्यात रिटार्डर असतं, हळू उडतं.

आणि झालंच पांढरं तर घाबरून घासायला लागू नका, मी तीच चूक करणार होतो. आधी वाट बघा, कोरडा दिवस मिळू दे, मग त्याच लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा वरून द्या, थर परत मऊ होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं, बहुतेक वेळा रंग परत दिसायला लागतो. मॅट वार्निश पांढरं पडलं असेल तर वरून ग्लॉसचा एक कोट दिला की बऱ्याचदा सुधारतं, नंतर परत मॅट मारायचं. माझं मिग असंच वाचलं, पण ऑक्टोबर उजाडला.

मिरग ते आसळका (मृग ते आश्लेषा नक्षत्र)

पहिल्या पावसाबरोबर पंखवाली वाळवी बाहेर पडते, संध्याकाळी दिवा लावला की शेकड्यानं खोलीत. ओल्या रंगावर एक जरी बसली तरी पंख तिथंच चिकटून राहतो आणि ओढला तर रंगासकट निघतो. मिरगाच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत संध्याकाळी रंगकाम नकोच. करायचंच असेल तर खिडकी बंद, आणि बाहेरच्या व्हरांड्यात दिवा लावून त्याच्याखाली पाण्याचं घमेलं ठेवायचं, किडे तिकडं जातात.

पण पावसाळा वाया जातो असं मी अजिबात मानत नाही. उलट माझे बसायचे सगळ्यात जास्त तास पावसातच होतात, बाहेर जाता येत नाही, नट्टी आटोपली की शेतातही फार काही नसतं, पत्र्यावर पाऊस वाजत असतो, चहा असतो, आणि हातात स्प्रू, म्हणजे सगळे भाग जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट. या तीन महिन्यांत कापणं, जोडणं, पुट्टी भरणं, सँडिंग, कॉकपिट, इंजिन, रणगाड्याच्या पट्ट्यांच्या कड्या जोडणं, हे सगळं उरकायचं. सँडिंग ओलंच करा, पाणी लावून, धूळ उडत नाही. पातळ सिमेंट म्हणजे मॉडेल चिकटवायचं द्रव, तामिया कंपनीचं एक्स्ट्रा थिन वगैरे, ते प्लास्टिक विरघळवून जोडतं, त्याला ओल्या हवेचं फारसं काही वाटत नाही. फेविक्विकचं मात्र उलट आहे. ते हवेतल्या ओलाव्यानंच कडक होतं, म्हणून पावसात ते इतकं जलद धरतं की भाग सरळ करायला सवड मिळत नाही, आणि आजूबाजूला पांढरी भुकटी धरते ती वेगळी. काचेच्या भागाला, कॅनोपीला, कधीच लावू नका, तिथं फेविकॉलच बरा, फक्त तो पावसात रात्रभर ठेवावा लागतो. फेविक्विकची उघडी ट्यूब बरणीत सिलिका जेलबरोबर घालून फ्रीजमध्ये ठेवली तर टिकते, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत टोपण उघडायचं नाही, नाहीतर आत पाणी धरून ट्यूबच गोठते.

ब्रशनं रंगवायचं कामही पावसातच काढा, हे फार कमी लोक सांगतात. ॲक्रिलिक रंग उन्हाळ्यात ब्रशवरच सुकतो, रेघा उठतात. पावसात तो ओला राहतो, स्वतःच पसरून सपाट होतो. सैनिकांचे चेहरे, पायलटचे कपडे, कॉकपिटमधली बटणं, सीटचे पट्टे, सगळं मी जुलै-ऑगस्टमध्ये करतो. दोन कोटांमध्ये मात्र वेळ द्या, वरून वाळल्यासारखं वाटतं आणि बोट लावलं की ठसा. एनॅमल (तेलावरचा रंग) असेल तर दोन-तीन दिवस हात लावू नका.

वाळवण्यासाठी एक पेटी बनवा. ही आयडिया मला कुठल्या मॉडेलवाल्याकडून नाही, गणपतीच्या कारखान्यात मिळाली. आपल्या भागात मूर्तिकार भर पावसातच काम करतात, शाडूची मूर्ती वाळता वाळत नाही, रंग धरत नाही, आणि तारीख तर चुकवता येत नाही. ते लोक प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी सोडून आत दिवे लावतात. मी तेच लहान केलं: जुन्या लाकडी फळीची पेटी, वर चार भोकं, खाली बाजूला चार भोकं, आत ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब, आणि एक थर्मामीटर. आत ४० अंशाच्या वर जाऊ द्यायचं नाही, जायला लागलं तर झाकण किंचित उघडं. ताजा लॅकर मारलेलं मॉडेल लगेच आत घालायचं नाही, वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवून वास कमी झाला की मगच, कारण थिनरची वाफ आणि गरम बल्ब बंद पेटीत एकत्र नको. एलईडी बल्बनं हे काम होत नाही, तो तितका तापत नाही.

काही कारणानं स्प्रे मारावाच लागला, तर दुपारी पावसाला उघडीप मिळाली की, हायग्रोमीटर बघून. एअरब्रशला (रंग फवारायच्या बारीक पेनासारख्या यंत्राला) हवा देणारा कॉम्प्रेसर ओली हवा दाबतो, त्यातलं पाणी टाकीत आणि पाइपात जमतं आणि एअरब्रश ऐन पंखावर थुंकी मारतो. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) लावाच, पाइप लांब ठेवा म्हणजे हवा ट्रॅपपर्यंत येताना थंड होते आणि पाणी तिथंच सुटतं, आणि काम संपलं की टाकीच्या खालचा स्क्रू उघडून पाणी काढा, पावसात दर वेळी. मधेच लाईट गेली तर टाकीतल्या हवेत एखाद-दोन मिनिटं मिळतात, ती रंग पुरा करायला न वापरता एअरब्रश धुवायला वापरा. खिडक्या बंद असतात म्हणून थिनरचा वास खोलीत कोंडतो, एक्झॉस्ट फॅन आणि कार्बन फिल्टरचा मास्क पावसात जास्त गरजेचा, कापडी मास्कनं थिनरची वाफ अडत नाही.

सामान सांभाळायचं म्हटलं तर पहिलं डिकल. कागद ओल धरतो, पिवळा पडतो, एकमेकांना चिकटतो. किट आणलं की डिकलची शीट काढून झिपलॉक पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून बंद, मिरगाच्या आधी. ब्लेड, कानशी, चिमटे यांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. किटचे डबे भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर मागनं बुरशी चढते आणि आतली माहितीपत्रिका गळून जाते. आणि एक फार महत्त्वाचं. आमच्या आईनं एकदा प्रेमानं माझ्या कपाटात डांबर गोळ्या टाकल्या, झुरळं होतील म्हणून. मी म्हटलं, "आई, ह्या कपाटात नको गं, प्लास्टिक मऊ पडतं." तिला खरं वाटेना. पण खरंच आहे, डांबर गोळीतलं नॅप्थलीन पॉलिस्टायरीनला मऊ करतं, त्याची वाफसुद्धा बंद कपाटात चांगली नाही. कडुलिंबाचा पाला ठेवा, लवंग ठेवा, डांबर गोळी नको.

पावसात अजून एक काम आहे ज्याला टेबल लागत नाही. शेतातनं वर आलेला ट्रॅक्टर बघा. खालचा चिखल काळपट आणि चकाकणारा, वर जाईल तसा फिकट आणि कोरडा, चाकाच्या खाचेत गच्च भरलेला आणि जिथं चाक रस्त्याला लागतं तिथं घासून साफ, मडगार्डच्या आतल्या बाजूला थरावर थर. १:३५ च्या टी-५५ रणगाड्याला चिखल लावायचा तर याच्याइतका चांगला धडा कुठल्या पुस्तकात नाही. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, थंडीत वेदरिंग करताना, म्हणजे मॉडेलला चिखल-धूळ-झीज दाखवताना लागतात.

गणपती, दसरा, दिवाळी

गणपतीत टेबलाला हात लागत नाही, आणि लावू पण नये. त्यानंतर हस्त लागला, म्हणजे सप्टेंबरअखेर, की सकाळ कोरडी आणि दुपारी गडगडाट असा प्रकार असतो, सकाळी आठ ते अकरा प्रायमर मारून घेता येतो. दोन वाजता ढग भरले की थांबायचं.

खंडेनवमीला घरातली अवजारं पूजेला मांडतात, त्या आदल्या दिवशी मी एअरब्रश पूर्ण खोलतो. सुई, नोझल, सगळं थिनरमध्ये भिजवून साफ, वायसर बघायचे, कॉम्प्रेसरचं पाणी काढायचं, कटर-ब्लेड बदलायचे, आणि मग स्वच्छ होऊन पूजेला. वर्षातनं एकदा हे झालंच पाहिजे आणि या निमित्तानं ते चुकत नाही. दिवाळीत पोरं गल्लीत किल्ले करतात, त्यांच्यात जाऊन बसा, माती कशी बसवायची, तट कसा उभा करायचा, लहान आकारात डोंगर खरा कसा दिसेल हे त्यांना सांगता येतं आणि त्यांच्याकडनं शिकताही येतं, माझ्या डायोरामाच्या (मॉडेलभोवतीच्या छोट्या देखाव्याच्या) बेसची सुरुवात अशाच किल्ल्यापासून झाली. फटाक्यांचे चार दिवस मात्र स्प्रे नको, धूर आणि राख दोन्ही बसतात.

थंडी

स्वाती संपली की सुरू होतो तो खरा रंगाचा हंगाम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हवा कोरडी, ऊन मऊ. पावसात जोडून ठेवलेली सगळी किटं आता रांगेनं काढायची आणि प्रायमर, बेस, क्लिअर, डिकल, वॉश (रेघांत भरायचा पातळ रंग), मॅट असं पुढं न्यायचं. चांदीचे आणि काळे चकाकणारे रंग, जे जराही चूक लपवत नाहीत, ते फक्त याच महिन्यांत. माझा १:७२ चा मिग तेव्हा पुरा झाला. आपल्या हवाई दलात १९६३ साली आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं, त्यामुळे आता ते शोकेसमध्ये बघताना वेगळंच वाटतं.

थंडीची स्वतःची तीन दुखणी आहेत. एक म्हणजे उसाचा हंगाम. कारखाने सुरू झाले की तोडलेल्या फडातलं पाचट जाळतात, आणि ती काळी काजळी तरंगत तरंगत कोसभर येते, बाल्कनीत वाळत ठेवलेल्या पांढऱ्या विमानावर नेमकी बसते. निपाणीकडच्या मित्राच्या घरात तर तंबाखूची बारीक धूळ असते. म्हणून मॉडेल उघड्यावर वाळवू नका, प्लास्टिकचा मोठा डबा उलटा घालून झाका. दुसरं, कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्टॅटिक (स्थिर वीज) धरतं, जितकं पुसाल तितकी धूळ ओढतं. रंगाच्या आधी भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, वाळवा, आणि रंग मारायच्या अगदी आधी किंचित ओलसर, धागे न सोडणाऱ्या कापडानं एकदा फिरवा. तिसरं, गारठा. पहाटे १२-१३ अंशाला एनॅमल घट्ट होतो, डबी कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी करा. स्प्रे कॅन पण तसाच, कोमट पाण्यात, हाताला सहज सोसेल इतक्याच. गॅसजवळ, शेगडीजवळ किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही, फुटतो. डिकल भिजवायला कोमट पाणी घेतलं तर ते मऊ होऊन पॅनेलच्या रेघांत नीट बसतात. एम-सील रात्री लावली तर सकाळपर्यंत पुरती कडक होत नाही, दिवसा लावा. फेविक्विक आता उलट आळशी होतं, दुसऱ्या भागावर तोंडाची वाफ सोडली तरी पुरतं.

लाकडी जहाजाचं किट करत असाल तर फळ्या पावसात अजिबात लावू नका. लाकूड ओल घेऊन फुगलेलं असतं, थंडीत आकसलं की फटी पडतात. एमडीएफचे बेस, पीओपी, हे पण थंडी-उन्हाळ्यातच.

उन्हाळा

मार्चपासून दुखणं बदलतं, रंग मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच सुकतो. पृष्ठभाग खरखरीत होतो, आणि एअरब्रशच्या सुईच्या टोकाला सुकलेला गोळा धरतो. पाण्यावरचे ॲक्रिलिक, व्हॅलेहो वगैरे, याला सगळ्यात जास्त त्रास देतात. उपाय सोपे आहेत: रंग नेहमीपेक्षा पातळ, दोन-चार थेंब रिटार्डर, दाब १५ ते २० पीएसआयच्या मधे, एअरब्रश मॉडेलच्या जवळ, आणि दर दोन-तीन मिनिटांनी थिनर लावलेल्या कापसानं टोक पुसणं. वेळ पहाटे सहा ते नऊ. पंखा बंद ठेवावा लागतो म्हणून नंतर बसवत पण नाही. सिमेंटची बाटली उघडी ठेवली तर दुपारपर्यंत पातळी उतरलेली दिसते, लावलं की लगेच टोपण.

मे महिन्यात पोरांना सुट्टी, आणि घरातलं एखादं पोरगं शिकायला बसवायचं तर हीच वेळ. माझ्या पुतण्याला मी १:७२ चं साधं लढाऊ विमान देतो, तीस-चाळीस भागांचं, सकाळचा एक तास. दुपारी तो आमच्याकडच्या वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाच्या तयारीला पळतो, तिथं पुठ्ठा, थर्माकोल आणि रंगाचं काम बघून आला की घरी त्याचा हात अजून सुधारलेला असतो.

किट किंवा मॉडेल गाडीत ठेवू नका. एकदा बेळगावच्या कॅम्पात गाडी उन्हात लावून तासाभरासाठी गेलो होतो, डॅशबोर्डवर रणगाड्याचं मॉडेल. परत येऊन बघतो तर तोफेची नळी खाली झुकलेली. काचेखाली डॅशबोर्ड भयंकर तापतो, आणि पातळ भाग आधी जातात. नळी गरम पाण्यात धरून सरळ करून बघितली, अर्धी सुधारली, शेवटी पितळेची नळी बसवली. कटिंग मॅटसुद्धा खिडकीतल्या उन्हात ठेवली की वाकडी होते.

ऊन कामाला पण येतं. पिवळे पडलेले जुने डिकल झिपलॉकमध्ये घालून खिडकीच्या काचेला आतनं चिकटवा, आठवडा-दोन आठवडे उन्हात राहिले की पिवळेपणा बराच उतरतो. आणि डायोरामासाठी माती आताच गोळा करा. खानापूरकडची तांबडी, अथणी-गोकाककडची काळी, रस्त्याकडेची पांढरट धूळ, प्रत्येकी एक डबीभर. जुन्या मलमलच्या कापडातनं चाळायची, जुन्या तव्यावर मंद आचेवर खरपूस तापवायची म्हणजे पावसात बेसवर बुरशी येत नाही, आणि डबीवर गावाचं नाव लिहायचं.

वळीव सुरू झाला की दुपारची आर्द्रता अर्ध्या तासात उडी मारते. सकाळी ४५ दिसलं म्हणून चार वाजता निवांत बसू नका, आभाळ बघा. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी उरलेला मॅट कोट संपवतो, मग सिलिका जेलच्या पुड्या फोडून दाणे काढतो. नारिंगी दाणे ओल घेऊन हिरवट झालेले असतात, ते जुन्या कढईत मंद आचेवर परतले की परत नारिंगी होतात. निळे दाणे गुलाबी पडतात, पण त्यात कोबाल्ट असतं म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात कधीच नको, वेगळा पत्र्याचा डबा ठेवा. गार झाले की लगेच पुड्यांत, पुड्या झिपलॉकमध्ये डिकलबरोबर, आणि सात जूनच्या आत कपाट बंद.